दूर-अवरक्त दुर्बिणीची परीक्षा एवढी लांबते का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने पुढच्या अवकाश दुर्बिणीसाठी दोन प्रस्ताव निवडले आणि सविस्तर अभ्यासासाठी दोहोंना प्रत्येकी ५० लाख डॉलर मंजूर केले. त्यांपैकी एक प्रस्ताव क्ष-किरणांच्या दुर्बिणीचा आहे. दुसऱ्याचे नाव ‘प्रिमा’ असून ती दूर-अवरक्त किरणांत आकाश पाहील, अशी योजना आहे. दोहोंतून एकीची निवड २०२६ मध्ये आणि उड्डाण २०३२ मध्ये, असे वेळापत्रकही तेव्हाच जाहीर झाले. प्रिमाच्या आरशाचा व्यास १.८ मीटर ठरला आहे.

उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे आयुष्य यंत्रांचे सुटे भाग घडवण्यात गेले, अशा बेळगावकरांना या बातमीवरून दोन शंका येणे साहजिक आहे. साडेसहा मीटर आरशाची जेम्स वेब दुर्बीण वर असताना ही लहान दुर्बीण हवी कशाला, ही पहिली शंका. आणि १.८ मीटरचा आरसा व त्यामागची उपकरणे तयार करायला इतकी वर्षे का लागावीत, ही दुसरी. दोन्ही शंकांचे उत्तर एकाच अडचणीत आहे: ही दुर्बीण जे किरण टिपायला निघते, तेच किरण ती स्वतःच्या अंगातून सतत बाहेर टाकत असते.

अवरक्त किरण आणि त्यांतला ‘दूर’ भाग

फौंड्रीत लोखंडाचा रस मोल्डमध्ये ओतला जातो तेव्हा तो पिवळसर पांढरा असतो, त्याच्याकडे टक लावून पाहवत नाही. मोल्ड लवकर फोडला तर आतले कास्टिंग लालभडक निघते. थोड्या वेळाने त्याचा लाल रंग गडद होतो, आणि मग ते नुसते काळे दिसू लागते. त्या काळ्या कास्टिंगला जुना कामगार हात लावत नाही, कारण वीतभर अंतरावरच त्याची धग तळहाताला जाणवते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश संपला, पण किरण संपलेले नाहीत. त्यांची तरंगलांबी वाढून ती डोळ्यांच्या टप्प्याबाहेर गेली आहे. तांबड्या रंगापलीकडच्या या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले, तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. त्यांचा शोध लागला तो असा.

वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी जास्त, हा येथला मूळ नियम आहे आणि त्याचे गणित तोंडी करता येते. २९०० या आकड्याला वस्तूच्या केल्विनमधील तापमानाने भागले की तिचे किरण कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक तीव्र असतात ते मायक्रोमीटरमध्ये मिळते. केल्विन मोजपट्टीचा शून्य उणे २७३ अंश सेल्सियसवर असतो, आणि मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचे शरीर ३१० केल्विनचे, म्हणून त्याचे किरण ९ मायक्रोमीटरच्या आसपास येतात. ताऱ्यांमधल्या पोकळीतील धुळीचे ढग ३० केल्विनचे असले, तर भागाकार १०० मायक्रोमीटरजवळ जातो. साधारण ३० मायक्रोमीटरपासून पुढे काहीशे मायक्रोमीटरपर्यंतच्या पट्ट्याला दूर-अवरक्त म्हणण्याची रीत आहे. त्याच्या नेमक्या सीमा प्रत्येक गट थोड्या वेगळ्या धरतो, आणि त्यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

जेम्स वेबला हे का दिसत नाही

जेम्स वेबची उपकरणे २८ मायक्रोमीटरच्या आसपास थांबतात. त्यापुढचा पट्टा तिच्यासाठी बंद आहे, मग आरसा कितीही मोठा असो. आणि त्या पट्ट्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तारे धुळीच्या दाट ढगांत जन्मतात. ती धूळ नव्या ताऱ्यांचा दृश्य प्रकाश गिळते, त्याने थोडीशी तापते आणि तीच ऊर्जा दूर-अवरक्त किरणांच्या रूपाने परत सोडते. विश्वातील सर्व ताऱ्यांनी व दीर्घिकांनी आजवर बाहेर टाकलेल्या प्रकाशापैकी निम्म्याच्या आसपास प्रकाश अशा रीतीने धुळीतून फिरून अवरक्त होऊन आपल्यापर्यंत येतो. केवळ दृश्य प्रकाशावर विसंबणारा खगोलशास्त्रज्ञ अर्धी वही न वाचताच हिशेब मांडतो.

याच पट्ट्यात काही अणू-रेणूंच्या ठळक खुणाही येतात. एक इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन १५८ मायक्रोमीटरवर आणि ऑक्सिजन ६३ मायक्रोमीटरवर किरण सोडतो. वायूचे ढग थंड होऊन आकसतात ते बरेचसे याच वाटेने. युरोपच्या हर्शेल दुर्बिणीने २०११ मध्ये हार्टली-२ या धूमकेतूतील पाण्यात जड हायड्रोजनाचे प्रमाण पृथ्वीवरील समुद्रांसारखेच असल्याचे दाखवले, आणि सीरीस या बटुग्रहाभोवती पाण्याची वाफ असल्याचे तिच्या निरीक्षणांवरून २०१४ मध्ये जाहीर झाले. हर्शेलचे काम २०१३ मध्ये संपले. तेव्हापासून या पट्ट्यासाठी तिच्या तोडीची दुर्बीण अवकाशात नाही.

हे काम डोंगरावरून होणार नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, कारण जमिनीवरची दुर्बीण दुरुस्त करता येते आणि खर्चही कमी येतो. अडथळा हवेतल्या बाष्पाचा आहे. दूर-अवरक्त किरण पाण्याच्या वाफेत जवळजवळ पूर्णपणे शोषले जातात. आषाढात कणकुंबी-जांबोटीकडे दहा पावलांवरचे झाड दिसत नाही, तेव्हा पाणी नजर अडवते हे कोणालाही पटेल. पण आकाश निरभ्र असताना, एकही ढग नसताना, हवेत जी न दिसणारी वाफ उरते तीही या किरणांपुढे भिंत उभी करते. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर भारताची वेधशाळा आहे आणि तिथली हवा अत्यंत कोरडी आहे, तरीही या पट्ट्याचा बहुतांश भाग तिथूनही बंदच असतो.

म्हणून शास्त्रज्ञ आणखी वर गेले. सोफिया ही बोइंग ७४७ विमानात बसवलेली दुर्बीण बारा-तेरा किलोमीटर उंचीवरून वेध घेत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादच्या बलून केंद्रावरून एक मीटर आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठवली, आणि जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्याच १५८ मायक्रोमीटरच्या कार्बनखुणेचे नकाशे काढले. हे काम मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही, याची खंत वाटते. बलूनचे उड्डाण मात्र काही तासांचे असते आणि उरलेल्या विरळ हवेची धगही मध्ये येतेच. दीर्घकाळ, स्थिर आणि गार जागा हवी असेल तर अवकाशाशिवाय गत्यंतर नाही.

खरा शत्रू दुर्बिणीच्या आत असतो

वर दिलेला भागाकार दुर्बिणीलाही लागू होतो. खोलीच्या तापमानाचा आरसा १०० मायक्रोमीटरलाही भरपूर किरण सोडतो, आणि दूरच्या दीर्घिकेचे क्षीण किरण त्या झगमगाटात बुडून जातात. हर्शेलचा साडेतीन मीटरचा आरसा सूर्यापासून आडोसा करून ८५ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे १८८ अंशांवर, थंड ठेवला होता. ऐकायला ही थंडी भीषण वाटते, पण गणित वेगळे सांगते. ३०० केल्विनवरून ८५ पर्यंत उतरल्याने १०० मायक्रोमीटरला आरशाची स्वतःची धग जेमतेम सातपट कमी होते. तोच आरसा ४.५ केल्विनपर्यंत नेला, तर ती अब्जावधी पटींहूनही अधिक घटते, म्हणजे व्यवहारात शून्य होते. मग उरते ती केवळ आकाशाची स्वतःची फिकट पार्श्वभूमी. प्रिमाच्या आरशाचे तापमान ४.५ केल्विन ठरवण्यामागे हे कारण आहे. लहान पण थंड आरसा मोठ्या पण कोमट आरशाला येथे मागे टाकतो, आणि जेम्स वेबच्या आकाराशी तुलना निरर्थक ठरते ती यामुळे.

ही थंडी आणायची कशी, हा पुढचा प्रश्न. जुन्या दुर्बिणी द्रवरूप हेलियमची टाकी सोबत नेत. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाने सुमारे दहा महिन्यांत जवळजवळ सर्व आकाश दूर-अवरक्तात तपासले आणि हेलियम संपताच तो थांबला. हर्शेलने २३०० लिटरहून अधिक हेलियम नेले होते. २९ एप्रिल २०१३ रोजी ते संपले. स्पिट्झर दुर्बिणीचे हेलियम मे २००९ मध्ये संपले, पण तिच्या कमी तरंगलांबीच्या उपकरणांना तितकी थंडी लागत नसल्याने ती जानेवारी २०२० पर्यंत चालली. नव्या रचनांत टाकीऐवजी विजेवर चालणारे शीतयंत्र असते, त्यामुळे आयुष्य साठ्यावर अवलंबून राहत नाही.

किरण टिपणारा संवेदक तर आरशाहूनही थंड लागतो. हर्शेलच्या एका उपकरणाचे संवेदक ०.३ केल्विनवर काम करत, आणि प्रिमाचे संवेदक शून्याच्या वर सुमारे एक दशांश केल्विनवर ठेवायचे आहेत. हे संवेदक म्हणजे अतिवाहक धातूच्या पातळ थरांतून कोरलेले सूक्ष्म विद्युत-मंडल असते. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने, विनाअडथळा वाहतात. आकाशातून आलेला किरण अशा काही जोड्या फोडतो, मंडलाची कंपनसंख्या किंचित सरकते, आणि तो फरक मोजला जातो.

परीक्षेत नेमके काय तपासतात

पहिला भाग हादऱ्यांचा असतो. रॉकेट सुटताना होणारे कंपन आणि कानठळ्या बसवणारा आवाज सोसून उपकरण शाबूत राहते की नाही, हे कंपनमंचावर आणि ध्वनिकक्षात पाहतात. हा भाग सर्वच उपग्रहांना सारखा आहे, म्हणून त्यावर थांबत नाही.

अवघड भाग पुढे आहे. पॅटर्नमेकर बिडाच्या कास्टिंगसाठी पॅटर्न करताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर श्रिंकेज धरतो, कारण रस निवताना आकसणार हे त्याला ठाऊक असते. दुर्बीण बांधणाऱ्यालाही श्रिंकेज धरावे लागते, फक्त उलट्या टोकाला. खोलीच्या तापमानावरून हेलियमच्या तापमानापर्यंत नेल्यावर एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे ४ मिलिमीटर आकसते, स्टेनलेस स्टील ३ मिलिमीटर, टायटॅनियम दीड. म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीत टायटॅनियमचा कंस बोल्टने घट्ट बसवला, तर थंडीत दोघे एकमेकांना ओढू लागतात, आरसा वाकतो किंवा बोल्ट तुटतो. त्यामुळे सर्व भाग उबदार खोलीत जाणूनबुजून किंचित ‘चुकीच्या’ जागी बसवावे लागतात, जेणेकरून थंड झाल्यावर ते बरोबर जागी सरकतील. हर्शेलचा आरसा सिलिकॉन कार्बाइडचे बारा तुकडे जोडून केला होता; हा पदार्थ कणखर, हलका आणि कमी आकसणारा आहे. तरीही गणितावर विश्वास ठेवून चालत नाही. सगळे यंत्र निर्वात कक्षात ठेवून, भिंतींतून द्रव नायट्रोजन आणि हेलियम खेळवून, खरोखर थंड करून पाहावे लागते.

येथेच वर्षे जातात. मोठे उपकरण सावकाश थंड करावे लागते, नाहीतर जोड तडकतात. त्यात काही दिवस ते काही आठवडे लागतात. समजा थंड झाल्यावर केसाहून बारीक तारांपैकी एकीचा जोड सुटला. कक्ष तसाच उघडला तर हवेतील बाष्प आत शिरून सगळ्यावर बर्फाचा थर धरेल, म्हणून आधी तितक्याच सावकाश सगळे उबदार करायचे, मग झाकण उघडायचे, तार जोडायची, हवा पुन्हा उपसायची, पुन्हा थंड करायचे. एका तारेपायी महिना गेला, तर त्या प्रयोगशाळेत कोणाला नवल वाटत नाही. जेम्स वेबची अशी शीत परीक्षा २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या ज्या कक्षात झाली, तो मुळात अपोलो मोहिमांसाठी बांधला होता. परीक्षा सुमारे १०० दिवस चालली आणि मध्येच हार्वे चक्रीवादळ येऊन शहर पाण्याखाली गेले, तरी अभियंत्यांनी कक्षाची थंडी मोडू दिली नाही.

त्यानंतर अंधाराची परीक्षा येते. संवेदक ज्या किरणांवर चालणार आहे ते इतके क्षीण असतात की कक्षाच्या ३०० केल्विनच्या बाहेरील भिंतीकडून एखाद्या फटीतून आलेली धगही त्याला आंधळा करते. केबल, खांब, खिडकी, प्रत्येक वाट बंद करावी लागते. गंमत अशी की डोळ्यांना काळाकुट्ट दिसणारा रंग १०० मायक्रोमीटरला काळा असेलच असे नाही; पातळ थर त्या लांब तरंगांना पुरेसा शोषत नाही. म्हणून आतल्या भिंतींना जाड थर देतात आणि त्यात खडबडीत कण मिसळतात, म्हणजे किरण परतण्याऐवजी तिथेच विरतात. या अंधारात मग एक तापमान अचूक माहीत असलेली छोटी काळी वस्तू ठेवतात आणि तिचे तापमान थोडे थोडे वाढवत नेतात. तिने किती किरण सोडायला हवेत हे नियमाने ठाऊक असते. संवेदक किती सांगतो ते त्याशी ताडून पाहतात. अवकाशात वैश्विक किरणांचे वेगवान कण सतत आदळत राहणार, म्हणून संवेदकावर प्रोटॉनांचा मारा करून तो किती गडबडतो आणि किती वेळात सावरतो, हेही आधीच तपासतात.

एवढे करूनही चूक राहते, मग उपयोग काय?

चुका झाल्या आहेत, आणि त्या बारकाईने पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी परीक्षा झाली नव्हती असे नाही. परीक्षा खऱ्या परिस्थितीसारखी नव्हती किंवा तिच्या निकालाकडे दुर्लक्ष झाले होते. हबल दुर्बिणीचा आरसा ज्या साधनाने मोजला, त्याच साधनातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. आरसा त्या चुकीच्या मापाला तंतोतंत जुळेल असा घासला गेला. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या गेलेल्या साधनांनी दोष दाखवला होता, पण तो मानला गेला नाही. कडेला आरसा सुमारे दोन मायक्रोमीटर जास्त सपाट निघाला आणि १९९० मध्ये पहिली छायाचित्रे धूसर आली. हबल पृथ्वीजवळ असल्याने डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिला दुरुस्त केले.

वायर या लहान अवरक्त दुर्बिणीला ती सोय नव्हती. मार्च १९९९ मध्ये कक्षेत पोहोचल्यावर तिचे स्फोटक-यंत्रणेचे विद्युत-मंडल चालू करताच क्षणभराच्या चुकीच्या संकेताने दुर्बिणीचे झाकण वेळेआधीच उडाले, आत उष्णता शिरली आणि गोठवलेला हायड्रोजन काही दिवसांत उडून गेला. चालू होताना मंडलाचे पहिले क्षण कसे वागतील, हे जमिनीवरच्या तपासणीच्या जोडणीत पकडले जाण्यासारखे नव्हते. त्यानंतर परीक्षक ‘चालू असताना’ इतकेच ‘चालू होताना’ काय घडते यावर लक्ष ठेवू लागले.

हर्शेलवरील एक उपकरण ऑगस्ट २००९ मध्ये बंद पडले, बहुधा वैश्विक किरणाचा कण आदळल्याने. ती दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर होती, तेव्हा तिथे कोणाला पाठवणार? पण दुसरा पर्यायी विद्युत-संच आधीपासून सोबत होता आणि तोही परीक्षेतून गेलेला होता. कारण शोधून, नवी काळजी घेऊन, जानेवारी २०१० मध्ये उपकरण त्या संचावर चालू करण्यात आले. माझ्या मते परीक्षेचा उपयोग याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मिळणे कठीण आहे.

खर्च कमी करण्यासाठी परीक्षा आटोपशीर करता येईल का?

प्रिमासारख्या मोहिमेसाठी नासाने प्रक्षेपणाचा खर्च वगळून एक अब्ज डॉलरची मर्यादा घातली आहे. रक्कम मोठी आहे आणि तिच्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क करदात्याला आहेच. युरोप व जपानची स्पिका ही तशीच थंड दुर्बीण २०२० मध्ये युरोपच्या स्पर्धेतून बाहेर पडली, ती प्रामुख्याने खर्चाच्या मर्यादेत बसेना म्हणून. परंतु परीक्षेत कपात केल्याने जी बचत दिसते ती खरी नसते, कारण उपकरण उडाल्यावर दोष सापडला तर उरलेला सारा खर्च त्यासोबत जातो. बचत करायची जागा वेगळी आहे: प्रत्येक संवेदक, गाळणी, केबल व शीतयंत्र आधी सुटे सुटे, लहान कक्षात, स्वस्तात थंड करून तपासणे, म्हणजे संपूर्ण दुर्बीण महागड्या कक्षात जाईल तेव्हा नवे आश्चर्य कमीत कमी उरेल.

आणखी एक शंका राहते: जमिनीवर इतके मोजले, तर वर गेल्यावर पुन्हा मोजमाप कशासाठी? प्रक्षेपणाच्या हादऱ्याने, नव्या थंडीने आणि कणांच्या माऱ्याने संवेदकाचा प्रतिसाद थोडा बदलतोच. म्हणून युरेनस, नेपच्यून आणि काही मोठे लघुग्रह, ज्यांची दूर-अवरक्त तेजस्विता चांगली ठाऊक आहे, त्यांच्याकडे दुर्बीण वरचेवर वळवून आकडे पुन्हा लावले जातात. ते हिशेब मोहीम संपल्यावरही चालू राहतात. हर्शेलची निरीक्षणे सुधारित मोजमापांसह युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात सर्वांना खुली आहेत. खानापुरात किंवा निपाणीत बसलेल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती संगणकावर उतरवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.